दुर्बिणीत दिसलेला कॅन्सर आणि आपल्या भागातला कॅन्सर

प्रश्न थोडक्यात असा. भंडारा जिल्ह्यातल्या एका गावचे गृहस्थ विचारतात: "काकांना अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला. दोन वर्षांत गावातला हा तिसरा. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की आपल्याकडे हे फार दिसतं. मग नागपुरात शंभर एंडोस्कोप्या केल्या तर किती जणांना कॅन्सर निघतो? मुंबई-पुण्यापेक्षा आपल्याकडे जास्त आहे का? आणि आम्ही घरातल्या सगळ्यांनी एकदा दुर्बीण टाकून घ्यावी का?"

मी वीसेक वर्षं नागपुरात पोटाच्या दुर्बिणीवर, म्हणजे एंडोस्कोपीवर, काम करतो. शंभरामागे किती, या प्रश्नाला माझ्या दुर्बिणीच्या खोलीचा आकडा मला सांगता येईल. पण तो ऐकून तुमची दिशाभूल होईल, म्हणून आधी तो आकडा बनतो कसा ते सांगतो.

समजा शहरात दोन खोल्या आहेत. पहिलीत वर्षाला २,००० जणांना दुर्बीण टाकली जाते. ढेकर येतो, छातीत जळजळ होते, पोट गच्च वाटतं, अशा तक्रारी घेऊन लोक थेट येतात. त्यात १० जणांना कॅन्सर निघाला, म्हणजे अर्धा टक्का. दुसऱ्या खोलीत वर्षाला ४०० दुर्बिणी होतात, पण तिथे येणारा माणूस आधी गावचा डॉक्टर, मग तालुक्याचा, मग जिल्ह्याचा असा गाळून-गाळून आलेला असतो. घास अडकतो, वजन उतरलं, रक्त कमी झालं. तिथे ४० जणांना कॅन्सर निघाला, म्हणजे दहा टक्के. शहर तेच, वर्ष तेच, पाणी तेच. टक्क्यात वीस पटींचा फरक आला तो फक्त दारातून कोण आत आलं यामुळे. आता दुसऱ्या खोलीला नवीन यंत्र मिळालं, रांग कमी झाली, पित्ताचे रुग्णही तिथेच येऊ लागले, तर कॅन्सर ४० चे ५० सापडतील आणि टक्का मात्र दहावरून तीनवर येईल. पेपरवाला लिहील, "प्रमाण घटले".

नागपूरच्या बाबतीत हा घोळ आणखी मोठा आहे, कारण हे शहर एकट्या नागपूरकरांचं नाही. मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, ओपीडीसमोर सकाळी सातला उभे राहून बघा. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ तर आहेतच, पण छिंदवाडा, शिवनी, बालाघाट, बैतूल, राजनांदगावचीही माणसं पन्नीत फाइल गुंडाळून बसलेली दिसतात. मेयो, एम्स, तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल, जामठ्याचं राष्ट्रीय कॅन्सर संस्थान, सगळीकडे हेच. बालाघाटच्या माणसाचा कॅन्सर आमच्या रजिस्टरमध्ये चढतो, आणि बालाघाटचा खोकला-पित्तवाला बालाघाटातच राहतो. म्हणजे वरचा आकडा तीन राज्यांच्या कडेचा आणि खालचा आकडा नागपूरचा. अशा भागाकाराला काय अर्थ?

त्यात एकच रुग्ण तीनदा मोजला जातो. गोंदियाला पहिली दुर्बीण, इथे बायोप्सीसाठी (तुकडा काढून तपासायला) दुसरी, नंतर अन्ननलिका ताणायला किंवा स्टेंट (वाट उघडी ठेवणारी जाळीची नळी) टाकायला तिसरी. रजिस्टरात तीन ओळी, माणूस एक. मी नवीन असताना वर्षाअखेरीला असेच आकडे मोजून एका बैठकीत मोठ्या आत्मविश्वासाने मांडले होते. एका ज्येष्ठ पॅथॉलॉजिस्ट बाईंनी फक्त एवढंच विचारलं, "डॉक्टर, ही माणसं आहेत की दुर्बिणी?" मला बसावं लागलं.

भागातलं प्रमाण कळायचं तर लोकसंख्येवर आधारलेली कॅन्सर नोंदणी बघावी लागते. तिचं काम वेगळ्या रीतीने चालतं. नोंदणीची माणसं हॉस्पिटलं, लॅबोरेटऱ्या, जन्ममृत्यूच्या कचेऱ्या फिरून नावं गोळा करतात, एकच माणूस दोन जागी आला असेल तर गाळतात, आणि साधारण वर्षभर त्या हद्दीत राहणाऱ्यालाच मोजतात. त्यामुळे बालाघाटचा माणूस नागपुरात ऑपरेशन करून गेला तरी तो नागपूरच्या खात्यात पडत नाही. महाराष्ट्राला याची जुनी परंपरा आहे. मुंबईची नोंदणी देशातली पहिली, १९६३ ची. नागपूरची १९८० पासून, बार्शीची ग्रामीण नोंदणी १९८७ पासून, वर्धा जिल्ह्याची सेवाग्रामहून २०१० पासून. आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) राष्ट्रीय कार्यक्रम हे सगळं एकत्र बांधतो आणि वयाचा फरक काढून टाकून दर लाखी दर देतो. वयाचा फरक काढणं गरजेचं, कारण म्हाताऱ्या माणसांच्या गावात कॅन्सर जास्त दिसणारच.

या नोंदण्यांनी दाखवलेला फरक मात्र खरा आहे आणि चक्रावून टाकणारा आहे. २०१२ ते २०१६ च्या आकडेवारीत मिझोरामच्या ऐजॉल जिल्ह्यात पुरुषांमधला सगळ्या कॅन्सरांचा मिळून दर लाखी २६९ होता, आणि आपल्या धाराशिव-बीडचा जेमतेम ४०. देश एक, फरक जवळपास सात पटींचा. (बीडकडे निदानाला पोचणारेच कमी, हाही त्यात थोडा भाग असणार. पण सात पटी त्याने भरून निघत नाहीत.) अन्ननलिकेत मेघालयचा पूर्व खासी हिल्स जिल्हा सगळ्यांच्या वर, पुरुषांत दर लाखी ७५ च्या घरात. जठराच्या कॅन्सरमध्ये पुन्हा मिझोराम. तिथे धुरावलेलं मांस, आंबवलेली चरबी आणि 'तुईबुर' नावाचं तंबाखूच्या धुराचं पाणी घेतात, आणि संशोधकांची बोटं त्याच्याकडे जातात. काश्मीरमध्ये अन्ननलिकेचा कॅन्सर जास्त, तिथे कढत मीठ-चहा आणि वाळवलेल्या भाज्या. जगाच्या नकाशावर इराणचा गोलेस्तान प्रांत, चीनमधलं लिनशियान हीही अन्ननलिकेची गावं. गोलेस्तानात कढत चहा आणि अफू. म्हणजे 'भाग' हा शब्द पोकळ नाही. फक्त तो दुर्बिणीच्या रजिस्टरात शोधू नये.

आता आपल्या भागाकडे येतो. नागपूरच्या नोंदणीत पुरुषांत तोंडाचा कॅन्सर पहिल्या नंबरावर आहे. कारण शोधायला प्रयोगशाळा लागत नाही, कुठल्याही टपरीवर जाऊन उभं राहावं. सुपारीचा चुरा, तंबाखू, चुना, दोन थेंब पाणी, पन्नीत गुंडाळून घोट-घोट घोटलं की खर्रा तयार. २०१२ मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली, पण खर्रा समोर बनतो, त्याला ना कंपनी ना पुडीवरचं नाव. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि त्यांच्या 'सर्च' संस्थेची मंडळी, पुढे दारू-तंबाखूविरोधी 'मुक्तिपथ' मोहीम, यांनी याच्या मागे किती वर्षं घालवली आहेत ते विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. बायकांत गुडाखू (दात घासायची तंबाखू-गुळाची पेस्ट) आणि तंबाखूचं मंजन. विचारलं तर "तंबाखू नाही खात जी" म्हणतील, आणि खरंच खात नाहीत, दात घासतात. म्हणून मी आता "खाता का" असं विचारत नाही, "दात कशाने घासता" असं विचारतो.

लोकांना वाटतं तंबाखू तोंडात ठेवला तर तोंडाचंच होईल. पण सगळे काही पिंक थुंकत नाहीत. बसमध्ये, लग्नात, साहेबासमोर, शाळेत गिळतात. तो रस पंचवीस सेंटिमीटरच्या अन्ननलिकेवरून रोज उतरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने न ओढता खायच्या तंबाखूला अन्ननलिकेच्या कॅन्सरचं सिद्ध कारण म्हटलं आहे, आणि तंबाखू नसलेल्या सुपारी-विड्यालाही. "मी तर साधी सुपारी खातो" हा बचाव त्यामुळे टिकत नाही. त्यात बिडी आणि दारू एकत्र आली की धोक्याची बेरीज होत नाही, गुणाकार होतो.

हे दुर्बिणीतून कसं दिसतं ते सांगतो, म्हणजे उशीर कुठे होतो ते कळेल. माणूस पन्नाशीचा. म्हणतो, "भाकर उतरत नाही जी, वरून पाणी पेलं का मंग जाते." तीन महिने तो भाकर वरणात भिजवून खातोय, मग दोन महिने नुसता भात, आता पेज. घरच्यांना वाटतं भूक कमी झाली. अन्ननलिका लवचीक असते, ती तक्रारच करत नाही. आतली वाट साधारण १३ मिलिमीटरपेक्षा कमी झाली की घन घास अडकायला लागतो. म्हणजे पहिला घास अडकला त्याच दिवशी गाठ जुनी झालेली असते. आमची नेहमीची दुर्बीण नऊ ते दहा मिलिमीटर जाडीची. दातांपासून २८ सेंटिमीटरवर ती जाऊन थांबते, समोर कोबीच्या फुलासारखी खडबडीत, हात लागताच रक्त येणारी कड, आणि मधोमध पेन्सिलीएवढं छिद्र. जोर लावायचा नसतो, फाटायची भीती. तिथूनच सहा-आठ तुकडे घ्यायचे, फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकायचे, बाटलीवर नाव दोनदा तपासायचं.

आपल्याकडे ही गाठ बहुतेक वेळा अशी मधल्या भागात आणि चपट्या पेशींची असते. युरोप-अमेरिकेत ती खालच्या टोकाला, जठराच्या तोंडाशी, आम्लाच्या उलट्या प्रवाहातून येणारी जास्त. तीच अन्ननलिका, पण आजार जवळजवळ दुसराच. इंटरनेटवर 'अ‍ॅसिडिटीने अन्ननलिकेचा कॅन्सर होतो' असं वाचून जी तरुण मंडळी घाबरून येतात, त्यांनी तिकडची गोष्ट वाचलेली असते. इथली गोष्ट खर्र्याच्या पन्नीत असते.

एक क्रूर गंमत अशी की ज्याला दुर्बिणीची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच ती टाकणं अवघड. वर्षानुवर्षं खर्रा खाल्लेल्याचा गाल आतून ताठ होतो, तोंड दोन बोटंही उघडत नाही. दातांत धरायचा प्लॅस्टिकचा माउथपीस बसत नाही. मग नाकातून बारीक दुर्बीण घालावी लागते, ती सगळीकडे नसते, आणि रुग्ण परत पाठवला जातो. असे परतलेले किती, हे कुठल्याच टक्क्यात येत नाही. आणि सकाळी उपाशीपोटी या म्हणून सांगितलं तर, "उपाशीच हाय जी, फक्त खर्रा खाल्ला" असं सांगणारा आठवड्याला एक तरी भेटतो.

जठराचं थोडक्यात. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू १९९४ पासून कॅन्सरकारक म्हणून जाहीर आहे, तो शोधणाऱ्या मार्शल आणि वॉरन यांना २००५ चं नोबेल मिळालं. आपल्या देशात मोठ्या माणसांत निम्म्याहून अधिक जणांच्या पोटात तो असतो, तरी जठराचा कॅन्सर जपान-कोरियाच्या मानाने कितीतरी कमी. जंतूची जात, आपलं खाणं, आपली जनुकं, सगळ्यांवर वाद चालू आहेत. रिपोर्टात 'एच. पायलोरी पॉझिटिव्ह' वाचून रडायची गरज नाही, औषधाचा कोर्स पुरा करायची आहे. नोंदीतला एक बारीक घोळही इथेच आहे. अन्ननलिका आणि जठर जिथे मिळतात, म्हणजे दातांपासून साधारण ४० सेंटिमीटरवर, तिथली गाठ एक डॉक्टर अन्ननलिकेची लिहितो, दुसरा जठराची. दोन शहरांची तुलना करताना एवढ्यानेही आकडे हलतात.

सावजीचं, म्हणजे आमच्या झणझणीत तिखट रश्श्याचं, विचारल्याशिवाय नागपूरकर खुर्चीवरून उठत नाही, म्हणून तेही. तिखटाने जळजळ वाढते, मूळव्याध चेकाळते, दुसऱ्या दिवशी देव आठवतो. पण तंबाखू, सुपारी, दारू यांच्यासारखं सिद्ध कारण म्हणून तिखटाचं नाव कुठल्या यादीत नाही. लोकांना सावजी सोडणं सोपं वाटतं, कारण ती रविवारचीच असते. खर्रा रोजचा असतो, म्हणून त्याचं नाव शेवटी निघतं.

मोठ्या आतड्याचं चित्र उलटं आहे. भारतात त्याचा दर पाश्चात्त्य देशांच्या मानाने फार कमी, आणि मुंबईसारख्या शहरात बार्शीच्या ग्रामीण भागापेक्षा जास्त. बैठं काम, वाढलेलं वजन, दारू, तंतू नसलेलं खाणं, हे शहराबरोबर येतं. म्हणजे "मुंबई-पुण्यापेक्षा आपल्याकडे जास्त का" या तुमच्या प्रश्नाचं एकच उत्तर नाही. तंबाखू-सुपारीच्या वाटेवरचे कॅन्सर म्हणाल तर आपण बढाई मारण्यासारखे पुढे आहोत, मोठ्या आतड्याचं म्हणाल तर मुंबई पुढे.

पण आपल्याकडच्या आतड्याच्या कॅन्सरची एक खोड आहे. तो बराचसा गुदाशयात, म्हणजे अगदी शेवटच्या टप्प्यात असतो, आणि चाळिशीच्या आतल्यांतही भेटतो. संडासवाटे रक्त आलं की घरातला प्रत्येक जण मूळव्याध म्हणतो. बसस्टँडच्या भिंतीवर मूळव्याधीच्या जाहिराती, शेजाऱ्याकडे जडीबुटी, मेडिकल स्टोअरला मलम. एक छत्तीस वर्षांचा शिक्षक आठ महिने मूळव्याधीचं औषध घेऊन माझ्याकडे आला. तीन ठिकाणी दाखवलं होतं. मी हातमोजा घातला, बोट आत घातलं, पाच-सहा सेंटिमीटरवर दगडासारखी कड लागली. कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बीण) नंतर केली, पण निदान त्या दहा सेकंदांत झालं होतं. तीन ठिकाणी कुणीच बोट घातलं नव्हतं, आणि त्यालाही लाजेमुळे ते बरंच वाटलं होतं. रक्त पडतंय आणि डॉक्टरने बोटाने तपासलं नाही, तर तुम्ही स्वतः विचारा. यात लाजण्यासारखं असेल तर ते आमच्यासाठी आहे.

आता तिसरा प्रश्न, घरातल्या सगळ्यांनी दुर्बीण करून घ्यावी का. जपान-कोरियात ठरावीक वयानंतर दर दोन-तीन वर्षांनी निरोगी माणसाच्याही पोटात दुर्बीण टाकतात. तिथे जठराचा कॅन्सर एवढा जास्त आहे की ते परवडतं, आणि निम्म्याहून अधिक गाठी सुरुवातीलाच सापडतात, काही तर दुर्बिणीतूनच खरवडून काढतात. आपल्याकडे तसा कार्यक्रम नाही आणि तुमच्या घरापुरता तो काढूही नका. नुसतं अपचन आणि गॅसेस, दुसरं काही लक्षण नाही, अशांत दुर्बिणीला अन्ननलिका-जठराचा कॅन्सर सापडतो तो हजारात पाचपेक्षाही कमी. निरोगी पंचवीस वर्षांच्या भाच्याला रांगेत उभं केलंत, तर घास अडकलेल्या एखाद्या म्हाताऱ्याची तारीख दोन आठवडे पुढे जाते. सरकारी दवाखान्यात हा हिशेब खरा आहे, मी ती डायरी रोज बघतो.

उलट काही जणांनी एक दिवसही थांबू नये. घास अडकतोय, अगदी "कधीकधीच" असला तरी. काळी डांबरासारखी संडास. डाएट न करता उतरलेलं वजन. कारण न सापडलेलं कमी हिमोग्लोबिन, विशेषतः पुरुषात किंवा पाळी थांबलेल्या बाईत, तिथे तोंडाकडून आणि खालून, दोन्हीकडून दुर्बीण लागते. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं आणि जात नसलेलं पित्त. आणि तोंडाचा कॅन्सर झालेला माणूस, त्याच्या अन्ननलिकेतही दुसरी गाठ असू शकते, कारण दोन्हीवरून एकच रस गेलेला असतो. अशा माणसाची अन्ननलिका आम्ही आयोडीन फवारून बघतो. निरोगी जागा तपकिरी होते, बिघडलेली फिकट राहते. कॅन्सर लवकर सापडायचा तर असाच सापडतो, घास अडकायच्या कितीतरी आधी.

एक सूचना मेडिकल स्टोअरवाल्यांना वगळून सगळ्यांसाठी, कारण ते ऐकणार नाहीत. उपाशीपोटीची पित्ताची गोळी महिनोन्‌महिने स्वतःच्या मनाने घेऊ नका. त्या गोळीने जठरातल्या कॅन्सरची जखमही वरवर भरून येते, बरं वाटतं, आणि दुर्बिणीतही नजर चुकू शकते. दुर्बिणीला येताना गोळी किती दिवस चालू आहे ते सांगा.

आणि तुमचं गाव. दोन वर्षांत तिघे, हे ऐकून पाण्यावर आणि मोबाइल टॉवरवर संशय जातो. वही घ्या आणि तिघांपुढे चार गोष्टी लिहा: कॅन्सर नेमका कुठला, वय काय, गावात किती वर्षं राहिले, आणि तंबाखू-सुपारी-दारू-मंजन काय. बहुतेक गावांत पहिल्याच रकान्यात लक्षात येतं की एकाला गालाचा, एकीला स्तनाचा, एकाला अन्ननलिकेचा, म्हणजे तीन वेगवेगळे आजार. तिघांनाही अन्ननलिकेचाच असेल आणि चौथा रकाना रिकामा असेल, तर ती वही घेऊन जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे जरूर जा, ती बघण्यासारखी असेल. चौथा रकाना भरलेला असेल तर वही टपरीवर दाखवा.

काकांच्या मुलांसाठी: चपट्या पेशींचा अन्ननलिकेचा कॅन्सर सहसा वारशाने येत नाही, पण सवय घरातूनच येते. मोठा मुलगा खर्रा खातो असं तुम्ही लिहिलंय. त्याला या महिन्यात पाठवा, दुर्बिणीआधी तोंड किती उघडतं ते बघू. काकांच्या बायोप्सीचा कागद आणि काढलेला तुकडा ज्यात जपून ठेवतात तो मेणाचा ब्लॉक लॅबमधून मागून घ्या, पुढच्या प्रत्येक दवाखान्यात तो मागतील, आणि तो नसला की पुन्हा दुर्बीण, पुन्हा तुकडे, पुन्हा आठ दिवस.